नाकापासून ठिबकपर्यंत: जपान, पश्चिम आणि आपली परभणी

१९२२ साली हैदराबाद संस्थानाचे शिक्षण संचालक बोटीत बसून थेट जपानला गेले. तेव्हाची परभणी निजामाच्या राज्यात होती. जिल्ह्यातल्या सरकारी शाळेत काय शिकवायचं आणि कोणत्या भाषेत, हे त्यांच्याच खात्यात ठरायचं. त्यांना एकच गोष्ट बघायची होती: पश्चिमेचं सगळं शास्त्र जपानने पन्नास वर्षांत स्वतःच्या भाषेत आणलं, ते कसं?

या एका प्रवासाचा धागा पकडून मागे गेलं की भन्नाट माणसं भेटतात. कुणी एका नाकापायी दिवस घालवला, कुणी अख्खी भाषा शिकून झाल्यावर दुसरीचा पहिला धडा उघडला. आणि अधूनमधून आपली मराठी माणसंही भेटत राहतात. घ्या तर, एकेक किस्सा.

१. नाकावर अडलेली गाडी

४ मार्च १७७१. एदो, म्हणजे आजचं टोकियो. देहदंड झालेल्या एका स्त्रीच्या देहाचं विच्छेदन बघायला काही वैद्य जमले. त्यांतल्या दोघांनी, सुगिता गेनपाकु आणि माएनो र्‍योताकु यांनी, बाहेर काढलेलं पुस्तक एकच निघालं: शरीररचनेचं डच पुस्तक. समोरचा देह आणि पुस्तकातली चित्रं तंतोतंत जुळली. जुन्या चिनी ग्रंथांतली चित्रं मात्र जुळेनात. दुसऱ्याच दिवशी हे वैद्य त्या पुस्तकाचं भाषांतर करायला बसले.

अडचण एवढीच की डच भाषा धड कुणालाच येत नव्हती. र्‍योताकुला काहीशे शब्द ठाऊक, बाकीच्यांचा आनंदच. नाकाच्या वर्णनात एक शब्द आला आणि गाडी तिथेच रुतली. दुसऱ्या एका छोट्या पुस्तकात त्याच शब्दाचा वापर सापडला: फांदी तोडली की त्या जागी हे होतं, अंगण झाडून कचरा गोळा केला की हे होतं. डोकी खाजवता खाजवता एकाला उमगलं. तोडल्या जागी गाठ येते, कचऱ्याचा ढीग होतो, म्हणजे हा शब्द 'उंचवटा' असणार! नाक म्हणजे चेहऱ्यावरचा उंचवटा. सुगिताने म्हातारपणी, १८१५ साली, आठवणी लिहिल्या, तेव्हाही त्या दिवसाचा आनंद त्याच्या लेखणीत ताजा होता.

अशा रीतीने पुस्तक पूर्ण होऊन १७७४ साली छापलं गेलं. 'काइताइ शिन्शो' हे त्याचं नाव. ज्या गोष्टीला जपानीत शब्दच नव्हता तिला त्यांनी शब्द घडवला. मज्जातंतूला त्यांनी दिलेलं 'शिंकेई' हे नाव आज जपानातलं शाळकरी पोरही वापरतं.

२. भाषा शिकले आणि पाटी पुसली

फुकुझावा युकिची हा जपानच्या नव्या युगाचा मोठा लेखक आणि शिक्षक. तरुणपणी ओसाकातल्या एका शाळेत त्याने रात्रंदिवस घासून डच भाषा शिकली. १८५९ साली परदेशी व्यापाऱ्यांसाठी नुकतंच उघडलेलं योकोहामा बंदर बघायला तो गेला. दुकानांवरच्या पाट्या वाचता येईनात, बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या कळेनात, बोललेलं कुणाला समजेना. कारण सगळा व्यवहार इंग्रजीत चालला होता.

एवढ्या वर्षांची मेहनत पाण्यात गेली, असं वाटून एखादा खचला असता. फुकुझावा एकच दिवस खट्टू झाला. दुसऱ्या दिवशी त्याने इंग्रजी शिकायचं ठरवलं आणि शब्दकोश शोधायला लागला. पुढे त्याचीच शाळा वाढून केइओ विद्यापीठ झालं. दहा हजार येनच्या नोटेवर १९८४ पासून चाळीस वर्षं त्याचा चेहरा होता.

३. वॉशिंग्टनची नातवंडं कुठे आहेत?

१८६० साली फुकुझावा 'कानरिन मारू' या जहाजातून सॅन फ्रान्सिस्कोला पोहोचला. तिथली यंत्रं बघून त्याला फारसं नवल वाटलं नाही, त्यांच्याबद्दल तो वाचूनच गेला होता. चकित केलं ते साध्यासुध्या गोष्टींनी. जपानात ज्या कापडाच्या वीतभर तुकड्याला मोल होतं, ते इथे खोलीभर जमिनीवर अंथरलेलं आणि लोक बूट घालून त्यावर फिरतात! पेल्यात काहीतरी तरंगतंय, ते उन्हाळ्याच्या तोंडावर आणलेलं बर्फ निघालं.

मग त्याने सहज विचारलं, जॉर्ज वॉशिंग्टनचे वंशज हल्ली काय करतात? कुणाला नीट सांगता येईना. फुकुझावा थक्क झाला. जपानात सत्तेवरच्या घराण्याचा मूळपुरुष म्हणजे देवासमान, त्याच्या वंशजांचा पत्ता ठाऊक नसणं कल्पनेपलीकडचं. लोकशाही म्हणजे काय, हे त्याला त्या एका उत्तरातून कळलं.

४. 'स्पर्धा' या शब्दाला सरकारी हरकत

अर्थशास्त्राच्या एका इंग्रजी पुस्तकाची अनुक्रमणिका फुकुझावा सरकारी अधिकाऱ्यासाठी जपानीत उतरवत होता. इंग्रजी शब्द आला 'कॉम्पिटिशन'. जपानीत शब्द नव्हता. त्याने 'धावण्याची चढाओढ' आणि 'भांडण' अशा अर्थांची दोन अक्षरं जोडून 'क्योसो' शब्द घडवला. अधिकारी बिथरला. यात भांडणाचं अक्षर आहे, हे वरिष्ठांना दाखवू कसं? फुकुझावाने समजावलं की बाजारात व्यापारी एकमेकांवर कुरघोडी करतात तेच हे. अधिकाऱ्याला पटलं, पण शब्द काही त्याच्या पचनी पडला नाही. शेवटी फुकुझावाने त्यावर काळी शाई फासून कागद दिला. आज तोच शब्द जपानी बाजारपेठेत रोज वापरला जातो.

५. अधिक मास आला आणि सरकारने कॅलेंडर बदललं

जपानचं जुनं पंचांग आपल्यासारखंच चंद्र-सूर्याची सांगड घालणारं. आपल्याकडे अधिक मास, तिकडेही अधिकचा महिना. १८७३ साली असा तेरावा महिना येणार होता. सरकारी नोकरांना नुकताच मासिक पगार सुरू झालेला, तिजोरीत खडखडाट. म्हणजे तेरा पगार द्यायचे कुठून? सरकारने जेमतेम तीनेक आठवडे आधी जाहीर केलं की १ जानेवारी १८७३ पासून पाश्चात्त्य कॅलेंडर लागू. तेरावा महिना गेलाच, आणि जुना बारावा महिना दोनच दिवसांचा झाल्याने त्याचाही पगार वाचला. तेव्हाचे मंत्री ओकुमा शिगेनोबु यांनी पुढे हे कारण उघड सांगितलं.

परभणीकरांना कॅलेंडरांची गुंतागुंत नवी नाही. निजामाच्या कचेरीत फसली सन चालायचा. इसवी सनातून साधारण ५९० वजा केले की फसली. घरात शालिवाहन शक, कचेरीत फसली आणि रेल्वेच्या वेळापत्रकात इंग्रजी तारीख, अशा तीन तारखा सांभाळून आपल्या आजे-पणजांनी संसार केले. जमिनीचे जुने कागद काढले की फसली साल आजही समोर येतं.

६. आपला पाव, त्यांचा पान

पोर्तुगीज जहाजं गोव्याला लागली तशी सोळाव्या शतकात जपानलाही लागली. त्यांच्याकडे भाकरीसारख्या भाजलेल्या पदार्थाला जो शब्द होता, त्याचा आपल्याकडे 'पाव' झाला आणि जपानीत 'पान'. परभणी स्टेशनबाहेर वडापाव खाणारा आणि टोकियोतल्या बेकरीत उभा असलेला, दोघेही एकाच पोर्तुगीज शब्दाचे वारसदार. जपान्यांनी १८७४ साली त्या पावात लाल चवळीसारख्या दाण्यांचं गोड पुरण भरलं. त्याचा 'आनपान' झाला आणि पुढच्याच वर्षी तो सम्राटाच्या ताटात गेला. पाव पश्चिमेचा, पुरण घरचं!

७. एका फोटोत साडी आणि किमोनो

१० ऑक्टोबर १८८५, फिलाडेल्फिया. स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात तीन विद्यार्थिनींचा फोटो निघाला. एक सिरियाची साबात इस्लांबुली, एक जपानची ओकामी केइ आणि तिसरी आपली आनंदीबाई जोशी. तिघीही आपापल्या देशाच्या पोशाखात. आनंदीबाई साडीत, ओकामी किमोनोत.

हा फोटो निवांत बघा. पश्चिमेची विद्या घ्यायला गेलेल्या या मुलींनी अंगावरचं आपलेपण उतरवलेलं नाही. आनंदीबाईंना ११ मार्च १८८६ रोजी पदवी मिळाली आणि वर्षभरातच त्या गेल्या. ओकामी १८८९ साली पदवी घेऊन मायदेशी परतल्या आणि त्यांनी डॉक्टरकी केली. शंभर शब्दांचा अग्रलेख जे सांगू शकणार नाही ते हा एक फोटो सांगतो.

८. सहा वर्षांची परदेशी विद्यार्थिनी

डिसेंबर १८७१ मध्ये जपान सरकारचं भलं मोठं शिष्टमंडळ जग बघायला निघालं. मंत्री, सचिव, विद्यार्थी मिळून शंभराच्या वर माणसं. प्रमुख होते इवाकुरा तोमोमी. दीड वर्षाहून अधिक काळ ही मंडळी अमेरिका आणि युरोपातले कारखाने, शाळा, तुरुंग, छापखाने बघत फिरली. सोबत पाच मुली होत्या. त्यांतली सर्वांत धाकटी त्सुदा उमेको, वय फक्त सहा.

ती अकरा वर्षं अमेरिकेत वाढली. १८८२ साली परतली तेव्हा मायबोली विसरून गेली होती, आईशी बोलायचीही पंचाईत. ती पुन्हा जपानी शिकली आणि १९०० साली तिने मुलींसाठी शाळा काढली, तिचंच पुढे त्सुदा विद्यापीठ झालं. ३ जुलै २०२४ पासून पाच हजार येनच्या नोटेवर तिचा चेहरा आहे.

९. तीन नोटा, तीन शिष्य

त्याच दिवशी आणखी दोन नोटा आल्या. हजार येनवर कितासातो शिबासाबुरो. बर्लिनमध्ये रॉबर्ट कॉख यांच्या हाताखाली जंतुशास्त्र शिकलेला हा डॉक्टर. १८९४ साली हाँगकाँगच्या प्लेगमध्ये जंतूचा शोध घेणाऱ्यांत तो होता. दोनच वर्षांत तो प्लेग मुंबईत आणि मग पुण्यात शिरला. १९१० साली कॉख वारले, तेव्हा या शिष्याने टोकियोतल्या आपल्या संस्थेच्या आवारात गुरूचं शिंतो देऊळ बांधलं. जर्मन शास्त्रज्ञाचं जपानी देऊळ! गुरुभक्ती आपल्याला कळते, म्हणून हा किस्सा आपल्या काळजाला भिडतो.

दहा हजार येनवर आले शिबुसावा एइइची. १८६७ साली पॅरिसचं जागतिक प्रदर्शन बघून त्यांनी बँका आणि कंपन्यांचं तंत्र जपानात आणलं. म्हणजे जपान्यांच्या पाकिटातल्या या तिन्ही नव्या नोटांवर पश्चिमेत शिकलेली, पण शिकून घरी परतलेली माणसं आहेत.

१०. कापसाची बोट

शिबुसावांचं आपल्याशी जवळचं नातं आहे. जपानच्या गिरण्यांना भारतीय कापूस हवा होता आणि मुंबईहून तो नेण्याची मक्तेदारी युरोपीय बोट कंपन्यांकडे होती. भाडं अवाच्या सवा. जमशेटजी टाटा १८९३ साली जपानला गेले आणि शिबुसावांना भेटले. त्याच वर्षी निप्पॉन युसेन कंपनीची मुंबई-कोबे बोट सुरू झाली. जपानची दूर पल्ल्याची ती पहिली नियमित बोट. पुढे चार दशकं जपानी गिरण्या भारतीय कापसावर चालल्या. १९३३ साली कापडावरच्या जकातीवरून बिनसलं तेव्हा जपानने भारतीय कापसावर बहिष्कार घातला आणि पुढच्या वर्षी समझोता करावा लागला.

त्याच प्रवासात योकोहामाहून व्हँकुव्हरला जाणाऱ्या बोटीवर टाटांना एक तरुण संन्यासी भेटला. त्याचं नाव स्वामी विवेकानंद.

११. वाइन की रक्त?

१८७२ साली जपान सरकारने तोमिओका इथे रेशमाची मोठी गिरणी उभारली. यंत्रं फ्रान्सची, तज्ज्ञही फ्रेंच. पण कामाला मुली येईनात! कारण अफवा उठली: हे परदेशी लोक पोरींचं रक्त पितात. खरं तर ते जेवताना लाल वाइन पीत. शेवटी गिरणीच्या प्रमुखाने स्वतःच्या मुलीला सर्वांत आधी कामाला लावलं, मग बाकीच्या घरांतून मुली आल्या. शिकून त्या गावोगाव गेल्या आणि शिक्षिका झाल्या.

आता परभणीच्या रेशीम शेतकऱ्याकडे या. तुतीच्या शेतातून पाला आणायचा, शेडमध्ये रॅकवर पसरायचा, अळ्यांचा पाला खाण्याचा आवाज पाऊस पडल्यासारखा येतो. चॉकी सेंटरवरून, म्हणजे कोवळ्या अळ्या वाढवणाऱ्या केंद्रातून, आणलेल्या अळ्या मोठ्या होतात, मग चंद्रिकेवर, म्हणजे कोष विणायच्या जाळीवर, चढून पांढरे कोष विणतात. हे पांढरे कोष ज्या बायव्होल्टाइन (वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या) संकरांचे, त्यांच्यामागे जपानची मदत आहे. १९९१ पासून जपानच्या सहकार्याने म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन संस्थेत हे वाण तयार झाले. फ्रेंचांकडून जपानने यंत्र घेतलं, जपानकडून भारताने वाणाचं तंत्र घेतलं, आणि ते मराठवाड्याच्या शेडमध्ये पोहोचलं. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठात रेशीम संशोधनाचा वेगळा विभागच आहे.

१२. शेक्सपिअर धोतर नेसला, किमोनो ल्याला

गोपाळ गणेश आगरकरांनी 'हॅम्लेट'चं मराठी रूप 'विकारविलसित' १८८३ साली छापलं. पुढच्याच वर्षी जपानात त्सुबोउची शोयो यांनी 'ज्युलियस सीझर' त्यांच्या जोरुरी या जुन्या कथागायनाच्या धाटणीत उतरवला. एकमेकांचं नावही न ऐकलेल्या दोघांना एकाच वेळी एकच वाटलं: हा इंग्रज नाटककार आपल्या लोकांना आपल्या बोलीत भेटला पाहिजे. गोविंद बल्लाळ देवलांचा 'झुंझारराव' म्हणजे 'ऑथेल्लो'. तो मराठी रंगभूमीवर आपलाच होऊन गेला.

१३. सायकलवरचा साहित्यिक

नात्सुमे सोसेकी हा जपानचा लाडका कादंबरीकार. सरकारने इंग्रजी शिकायला त्याला १९०० ते १९०२ लंडनला पाठवलं. शिष्यवृत्ती तुटपुंजी, घरं बदलून बदलून जीव मेटाकुटीला, धुकं आणि एकटेपणा. खोलीत कोंडून घेऊन तो पुस्तकं वाचत बसला. मायदेशी बातमी गेली की त्याला वेड लागलं. घरमालकिणीने आग्रह करून त्याला सायकल शिकायला लावली. तो धडपडला, आपटला, आणि परतल्यावर त्या धडपडीवर त्याने एक लोभस लेख लिहिला.

लंडनने त्याला दुखावलं, पण एक गोष्टही दिली. साहित्य म्हणजे काय, हे इंग्रज सांगेल तेच का? आपण आपल्या चवीने का ठरवू नये? या प्रश्नातून तो परतला आणि मग त्याच्या कादंबऱ्या आल्या.

१४. अजिंठ्याची जपानी नक्कल

ओकाकुरा काकुझो हा कलेचा जाणकार. एका अमेरिकन शिक्षकाने त्याला त्याच्याच देशाच्या जुन्या कलेकडे वळवलं. १९०२ साली तो भारतात होता, तेव्हा अजिंठा आणि वेरूळ बघायला गेला. ही लेणी तेव्हा परभणीसारखीच निजामाच्या राज्यात. पुढे १९१७-१८ मध्ये आराइ काम्पो या चित्रकाराने अजिंठ्यात मुक्काम करून भित्तिचित्रांच्या नकला केल्या. हा सगळा ठेवा टोकियोच्या विद्यापीठात गेला आणि १९२३ च्या महाभूकंपात लागलेल्या आगीत जळाला. मूळ चित्रं मात्र आपल्या डोंगरात आजही आहेत. ती बघायला गेलात तर त्या जळालेल्या नकलांचीही एकदा आठवण काढा.

१५. एका पुस्तिकेतून विद्यापीठ

महर्षी धोंडो केशव ऊर्फ अण्णा कर्वे यांच्या हाती एक पुस्तिका आली. जपानमध्ये नारुसे जिन्झो यांनी १९०१ साली काढलेल्या महिला विद्यापीठाची ती माहिती होती. मुलींच्या आयुष्याला साजेसं शिक्षण, आणि तेही त्यांच्या भाषेत, ही कल्पना अण्णांच्या मनात घर करून बसली. डिसेंबर १९१५ मध्ये मुंबईच्या सामाजिक परिषदेच्या अध्यक्षपदावरून त्यांनी ती मांडली आणि १९१६ साली पुण्याजवळ महिला विद्यापीठ सुरू झालं. इंग्रजी सक्तीचा विषय, पण बाकीचं शिकवणं मायबोलीतून! सत्तरी ओलांडल्यावर अण्णा १९२९-३० मध्ये जगाच्या फेरीवर निघाले, बर्लिनला आइन्स्टाइनना भेटले आणि जपानलाही गेले. एका छापील पुस्तिकेने महाराष्ट्रातल्या किती घरांतल्या लेकींचं आयुष्य बदललं!

१६. रॉस मसूद यांची बोट

आता सुरुवातीच्या त्या प्रवासाकडे. ते शिक्षण संचालक म्हणजे सय्यद रॉस मसूद, सर सय्यद अहमद खान यांचे नातू. इंग्रज कादंबरीकार ई. एम. फॉर्स्टर यांचे जिवलग मित्र. 'अ पॅसेज टू इंडिया' ही १९२४ ची कादंबरी फॉर्स्टरने त्यांनाच अर्पण केली आहे.

हैदराबादेत १९१७ साली भाषांतराचं खातं उघडलं होतं, १९१८ साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झालं. इतिहास, रसायन, कायदा, पुढे वैद्यक आणि अभियांत्रिकीसुद्धा उर्दूतून. परिभाषेच्या समित्या बसायच्या आणि एकेका शास्त्रीय शब्दावर खल करायच्या, अगदी सुगिताच्या नाकासारखा. हा प्रयोग करणाऱ्यांना जपान हा जिवंत दाखला होता. मसूद यांनी बालवाडीपासून विद्यापीठापर्यंत जपानची शिक्षणव्यवस्था बघितली आणि १९२३ साली निजाम सरकारसाठी त्यावर जाडजूड अहवाल छापला.

देशी भाषेत उच्च शिक्षण देण्याचं हे धाडस थोर होतं आणि त्याचं कौतुक केलंच पाहिजे. पण परभणीच्या पोराची भाषा मराठी होती. सरकारी शाळेत प्राथमिक वर्गांपुढे गेलं की त्याला उर्दूत शिकावं लागे. घरी ज्ञानेश्वरी आणि जनाबाईचे अभंग, वर्गात भूमिती उर्दूत. जपानी मुलाला पश्चिमेची विद्या आपल्या भाषेत मिळाली, परभणीच्या मुलाला ती आणखी एका परक्या दारातून आत जाऊन घ्यावी लागली.

१७. परतूर ते नारायण सुर्वे

ही खंत मनात धरूनच माणसं उभी राहिली. १९३७ साली संस्थानातल्या मराठी माणसांच्या महाराष्ट्र परिषदेचं पहिलं अधिवेशन परतूरला भरलं, तेव्हा परतूर परभणी जिल्ह्यात होतं. त्याच जिल्ह्यातल्या सातोन्यात १९१३ साली जन्मलेले बी. रघुनाथ निजामाच्या बांधकाम खात्यात नोकरी करत मराठीत कविता, कथा, कादंबऱ्या लिहीत राहिले. कचेरीची भाषा उर्दू, मनाची मराठी. ७ सप्टेंबर १९५३ रोजी ते गेले, अवघ्या चाळिशीत. आज परभणीत त्यांच्या नावाचं सभागृह आहे. आणि १९९५ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन परभणीत भरलं, अध्यक्ष होते कामगारांचे कवी नारायण सुर्वे. ज्या गावात मराठी घरापुरती उरली होती, त्या गावात मराठीचा मांडव पडला.

१८. आणि शेवटी, ठिबक

परभणीचं कृषी विद्यापीठ १८ मे १९७२ रोजी स्थापन झालं. दर वर्षी त्याच दिवशी तिथे खरिपाचा मेळावा भरतो, आणि १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिदिनी, रब्बीचा. जिल्ह्याजिल्ह्यांतून शेतकरी येतात, बियाण्याच्या रांगेत उभे राहतात, मांडवात बसून शास्त्रज्ञांना प्रश्न विचारतात. हे सगळं मराठीत.

त्या मांडवात कान देऊन ऐका. 'शेंदरी बोंडअळीचं काय करायचं?' 'ठिबकवर हळद घेतली तर?' 'शेततळ्याचं अस्तर किती मायक्रॉनचं टाकू?' ठिबक हा शब्द बघा. बांधाच्या कडेचा माठ झिरपतो, पागोळी गळते, तेव्हा आपली आजी म्हणायची, पाणी ठिबकतंय. परदेशी तंत्र आलं आणि या जुन्या क्रियापदाने त्याला पोटात घेतलं. आता शाळेत न गेलेल्या माणसालाही ते तंत्र परकं वाटत नाही, कारण त्याचं नाव त्याला आधीपासून ठाऊक होतं.

अडीचशे वर्षांपूर्वी एदोतले काही वैद्य एका शब्दापायी अडून बसले होते, कारण तो शब्द आपल्या भाषेत आल्याखेरीज ते शास्त्र आपलं होणार नाही, हे त्यांना कळलं होतं. पुढच्या १७ सप्टेंबरला मेळाव्याला जाल तेव्हा शेजारच्या शेतकऱ्याचा प्रश्न नीट ऐका. त्यात एखादा नवा मराठी शब्द असेल, तर तो टिपून घ्या आणि घरी येऊन मुलांना सांगा.